क्रमांक आणि कारण : रोमानियातील गीतस्पर्धेचे चाहते व मूल्यनिर्णयाचा प्रश्न

१

साहित्यकृतींची प्रतवारी लावणे हे समीक्षेचे काम नव्हे, हे मत गेल्या अर्धशतकात जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. नॉर्थ्रप फ्राय यांनी 'अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम' (१९५७) या ग्रंथाच्या प्रास्ताविकात कवींचे भाव चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या चर्चेला शेअरबाजाराची उपमा दिली आणि तिला शास्त्रीय समीक्षेच्या सीमेबाहेर ठेवले. पुढे संरचनावादाने कृतीच्या गुणवत्तेकडून अर्थनिर्मितीच्या व्यवस्थेकडे लक्ष वळवले. अभिरुचीचे निवाडे सामाजिक स्तरभेदांशी कसे बांधलेले असतात हे पिएर ब्यूर्दिऊ यांनी १९७९ साली दाखवून दिल्यावर तर 'हे त्याहून चांगले' असे म्हणणाराच संशयित ठरला. परिणामी विद्यापीठीय समीक्षा अर्थ लावते, संदर्भ उलगडते, विचारप्रणाली उघडी करते. निवड मात्र करीत नाही. किंबहुना ती निवड करते, पण तिची कारणे देत नाही असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. अभ्यासक्रमात कोणती कादंबरी लावायची हे दर काही वर्षांनी ठरतच असते. त्या निर्णयाचे समर्थन सहसा कोणी मागत नाही.

जे काम समीक्षेने सोडले ते समाजात थांबलेले नाही. ते कोठे व कसे चालते हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एक असे क्षेत्र निवडले आहे की जेथे प्रतवारी हाच व्यवहाराचा गाभा आहे. युरोव्हिजन गीतस्पर्धेसाठी रोमानियाचे गीत निवडणारी 'सेलेक्त्सिया नात्सिओनाला', म्हणजे राष्ट्रीय निवड, आणि तिच्यातील गीतांची क्रमवारी लावून त्यावर वाद घालणारे चाहते, हे ते क्षेत्र होय. या चाहत्यांची लोकप्रिय संस्कृतीचे भोक्ते म्हणून बोळवण करता येईल. परंतु ते जे करतात त्याचे तर्करूप तपासले असता मूल्यनिर्णयाविषयीचे काही जुने प्रश्न नव्याने समोर येतात.

२

रोमानियाचा या स्पर्धेतील प्रवेश अपयशाने झाला. १९९३ साली ल्युब्लियाना येथे पूर्व युरोपातील सात देशांची पात्रताफेरी झाली. तीत दीदा द्रागान यांचे गीत शेवटचे आले. १९९४ साली दान बित्मान यांच्या गीताने देशाला मुख्य स्पर्धेत प्रथमच स्थान मिळाले, तेही पंचवीस देशांत एकविसावे. आपापल्या राष्ट्राच्या भाषेतच गाण्याची अट १९९९ साली रद्द झाली आणि २००० साली रोमानियाने इंग्रजी गीत पाठवले. त्यानंतर २००५ साली लुमिनित्सा आंगेल व 'सिस्तेम' हा तालवाद्यवृंद तिसऱ्या, २००६ साली मिहाई त्राइस्तारियू चौथ्या आणि २०१० साली पाउला सेलिंग व ओवी पुन्हा तिसऱ्या स्थानी आले. पहिला क्रमांक या देशाला या काळात मिळाला नाही.

हा इतिहास चाहत्यांच्या वादाची पार्श्वभूमी आहे, तसाच त्याचा आशयही आहे. एखाद्या वर्षाची दहा-बारा गीते क्रमाने लावताना चाहता शून्यातून सुरुवात करीत नाही. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतात ते त्याच्यापाशी तयार असते. सहा भाषांची सरमिसळ असलेले २००७चे गीत तेरावे आले, रोमानियन व इटालियन भाषांतील २००८चे गीत विसावे आले, अशा आठवणींतून 'रोमानियाने कसे गावे' याचा एक अलिखित संकेत घडत जातो आणि प्रत्येक नवे गीत त्या संकेताशी ताडून पाहिले जाते. २०१५ साली 'वोल्ताझ' या वाद्यवृंदाने आईवडील परदेशी कामाला गेल्याने मागे राहिलेल्या मुलांविषयीचे गीत गायले. अशा गीताचे स्थान ठरवताना विषयाचे गांभीर्य हा काव्यगुण मानावा काय, हा प्रश्न टाळता येत नाही. बांधिलकी आणि कलात्मकता यांच्या संबंधाचा हाच प्रश्न साहित्यसमीक्षेने वेगळ्या परिभाषेत अनेकदा चर्चिला आहे.

युरोव्हिजनच्या चाहत्यांची 'ओगाए' ही संघटना १९८४ साली फिनलंडमध्ये स्थापन झाली. तिच्या पूर्ण नावात 'आमातर' हा फ्रेंच शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ प्रेम करणारा. रूढ अर्थ हौशी, अव्यवसायी. आपल्या परंपरेतील 'रसिक' या शब्दात पहिला अर्थ आहे, पण दुसऱ्यातील कमीपणा नाही. हा फरक पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

३

चाहत्याच्या यादीकडे नीट पाहिले तर तिच्यात दोन भिन्न विधाने एकमेकांत मिसळलेली दिसतात. 'हे गीत मला सर्वांत चांगले वाटते' हे एक विधान. 'हे गीत पाठवले तर युरोपात वर येईल' हे दुसरे. पहिल्याचे तर्कशास्त्र कांटने सांगितले आहे, आणि मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'कांटची सौंदर्यमीमांसा' (१९७७) या ग्रंथात त्याची साक्षेपी चिकित्सा केली आहे. सौंदर्यविधान व्यक्तीच्या अनुभवावर आधारलेले असते, तरीही ते इतरांच्या संमतीची अपेक्षा धरते. 'मला आवडले' एवढ्यावर न थांबता 'तुलाही आवडायला हवे' असा त्याचा आग्रह असतो. म्हणूनच वाद संभवतो. नुसती आवड असती तर वाद घालण्याचे कारणच उरले नसते.

दुसऱ्या विधानाचे तर्कशास्त्र एका अर्थशास्त्रज्ञाकडे सापडते. केन्स यांनी १९३६ साली शेअरबाजाराचे स्पष्टीकरण करताना वृत्तपत्रीय सौंदर्यस्पर्धेचा दृष्टान्त दिला. शंभर छायाचित्रांतून सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडायचे. ज्याची निवड सर्वांच्या सरासरी पसंतीच्या जवळ येईल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत स्वतःच्या मते सुंदर चेहरा निवडणारा हरतो. इतरांना इतरांच्या मते काय सुंदर वाटेल याचा अंदाज बांधणारा जिंकतो. फ्राय यांनी समीक्षेतून हाकललेला शेअरबाजार येथे दुसऱ्या दाराने परत येतो.

रोमानियातील चाहत्याची अडचण ही की त्याला दोन्ही विधाने एकाच यादीत करावी लागतात. त्याच्या डोळ्यांसमोर 'युरोप' नावाचा एक कल्पित श्रोता बसलेला असतो, आणि रोमानियन भाषा ठेवावी की इंग्रजी घ्यावी, लोकसंगीताचा सूर लावावा की नाही, हे त्या श्रोत्याच्या नावाने ठरवले जाते. हा श्रोता प्रत्यक्षात कोठेच नाही. २०१७ साली इलिंका आणि आलेक्स फ्लोरेआ यांनी आल्प्स पर्वतप्रदेशातील यॉडल गायकी व रॅप यांची सांगड घातली. ही शैली रोमानियाची नव्हे आणि रॅपशी तिचे कुळही जुळत नाही. पण ते गीत सातवे आले. कल्पित युरोपची अभिरुची ओळखल्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही नियमात हे यश सहजी बसत नाही.

अंदाज चुकला की तो संपतो. गुणविषयक विधान मात्र निकालाने खोटे ठरत नाही. सातवे आलेले गीत 'उथळ' आणि विसावे आलेले गीत 'सुंदर' असे म्हणत राहण्यात काहीही विसंगती नाही, मात्र त्यासाठी कारणे द्यावी लागतात. चाहत्यांच्या वादात समीक्षेचा खरा अंश सापडतो तो येथे.

४

निवाडा कोणी करावा, जाणकारांनी की जनतेने, हा या वादातील दुसरा मोठा विषय. २०१९ साली परीक्षकांच्या गुणांचे पारडे जनमताहून कितीतरी जड होते. जनमतात लाउरा ब्रेतान पुढे असूनही निवड एस्तेर पिओनी यांची झाली, आणि त्यांचे गीत उपान्त्य फेरीतच बाद झाले. जनमताचा अवमान झाल्यामुळे ही शिक्षा मिळाली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण २०१७, २०१८ व २०२३ या तिन्ही वर्षी अंतिम निवड केवळ जनमताने झाली होती. त्यांपैकी पहिले गीत सातवे आले. दुसऱ्याच्या वेळी रोमानिया उपान्त्य फेरीतून प्रथमच बाहेर पडला. तिसरे, थेओदोर आंद्रेई यांचे गीत, उपान्त्य फेरीत शून्य गुणांवर राहिले. त्या वर्षी उपान्त्य फेऱ्यांचा निकालही प्रेक्षकांच्याच मतांवर होता. म्हणजे एका जनतेने निवडलेले दुसऱ्या जनतेने नाकारले. 'जाणकार विरुद्ध सामान्य' ही मांडणी येथे निरुपयोगी ठरते. स्टॅन्ली फिश ज्यांना अर्थनिर्णयन करणारे समुदाय म्हणतात तसे दोन समुदाय येथे समोरासमोर आलेले आहेत.

शिवाय शून्य म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. या स्पर्धेत प्रत्येक देशाच्या यादीतील पहिल्या दहा गीतांनाच गुण मिळतात : बारा, दहा, आणि मग आठपासून एकपर्यंत. सोळा गीतांच्या फेरीत एखादे गीत सर्वत्र अकरावे आले तर त्याची बेरीज शून्यच होईल. उलट १९९८ साली मालिना ओलिनेस्कू यांच्या गीताला एकूण सहा गुण मिळाले आणि ते सर्व एकट्या इस्रायलने दिले. याचा अर्थ, अन्यत्र ज्याला पहिल्या दहांत जागा नव्हती ते गीत एका देशाच्या यादीत पाचवे होते. बेरीज बावीसावा क्रमांक सांगते, पण तो पाचवा क्रमांक लपवते. संख्या खोटी नसते; ती फक्त आपली कारणे गिळून टाकते.

याचे टोकाचे उदाहरण २०२२ साली घडले. मतदानात संशयास्पद नमुने आढळल्याचे सांगून युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने रोमानियासह सहा देशांच्या परीक्षकांचे गुण रद्द केले आणि त्यांच्या जागी गणिताने काढलेले गुण घातले. अंतिम फेरीत रोमानियाच्या परीक्षकांचे म्हणून जाहीर झालेले बारा गुण युक्रेनला गेले. आपल्या परीक्षकांनी ते मोल्दोवाला दिले होते, असे रोमानियाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने निषेधपूर्वक सांगितले. मोल्दोवाचे त्या वर्षीचे गीत किशिनाऊ व बुखारेस्ट या राजधान्यांना जोडणाऱ्या आगगाडीविषयी होते. एकच भाषा बोलणाऱ्या दोन देशांत अशा गीताला मिळालेली पसंती गुणांची म्हणावी, आप्तभावाची म्हणावी की आणखी कशाची, हा खरोखरीचा समीक्षाप्रश्न होता. गणिताने गुण भरून निघाले. तो प्रश्न मात्र तसाच राहिला. कारण देणारा माणूस काढून घेतल्यावर उरलेल्या आकड्याला निर्णय म्हणता येत नाही.

भरताला या अडचणीची जाण होती. 'नाट्यशास्त्रा'च्या सत्तावीसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, नटांमधील स्पर्धेचा आणि विजेत्याला द्यावयाच्या पताकेचा विचार येतो. तेथे प्रेक्षक आणि प्राश्निक वेगळे मानले आहेत. वाद उपस्थित झाल्यास निर्णय देणाऱ्या प्राश्निकांत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, वैयाकरण, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक अशी मंडळी आहेत आणि प्रत्येकाचा अधिकार आपापल्या अंगापुरता आहे. छंदाबद्दल छंदोवेत्त्याने बोलावे, शृंगाराच्या उपचारांबद्दल वेश्येने. प्रेक्षकांविषयी भरत म्हणतो की त्यांची वये व वृत्ती भिन्न, म्हणून त्यांचे संतोषही भिन्न; आदर्श प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच व्यक्तीत सापडायचे नाहीत. या मांडणीत निवाडा आहे, पताका आहे, गुणदोषांची गणतीही आहे. पण निवाड्यामागचे कारण कोणत्या अधिकारातून आले हे लपलेले नाही. आधुनिक स्पर्धेने गणती ठेवली आणि अधिकारांची ही वाटणी सोडून दिली. चाहत्यांच्या वादात ती अनौपचारिकपणे परत येते. एक जण आवाजाच्या पल्ल्याविषयी बोलतो, दुसरा शब्दांविषयी, तिसरा मंचावरील मांडणीविषयी, आणि तिघांचे क्रम वेगळे लागतात याचे कोणालाही नवल वाटत नाही.

५

या विवेचनाची कसोटी पाहणारे एक वर्ष आहे : २०१६. त्या वर्षी ओविदियू आंतोन यांचे गीत राष्ट्रीय निवडीत रीतसर विजयी झाले. परंतु दूरचित्रवाणी संस्थेची कर्जे थकल्यामुळे २२ एप्रिल २०१६ रोजी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने तिच्या सेवा काढून घेतल्या आणि ते गीत स्पर्धेतून वगळले गेले. त्याला युरोपीय क्रमांक मिळालाच नाही. गीताचे मूल्य निकालातच असते, तर या गीताबद्दल बोलण्यासारखे काही उरायला नको होते. पण ते गीत ऐकता येते, इतर वर्षांच्या गीतांशी त्याची तुलना करता येते, आणि त्याच्या स्थानाबद्दल सकारण मतभेद होऊ शकतात. अंदाज बांधण्याचा प्रश्न मिटल्यामुळे तेथे गुणविषयक विधान उलट अधिक निर्मळ होते.

'ओगाए'ने १९८७पासून चालवलेली 'दुसरी संधी' नावाची स्पर्धा याच दिशेने विचार करायला लावते. निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय निवडीत हरलेली गीते तेथे चाहत्यांच्या मंडळांकडून पुढे आणली जातात आणि त्यांचा पुन्हा निवाडा होतो. हा निवाडाही अखेर गुणांच्याच भाषेत होतो, ही त्याची मर्यादा. तरी निर्णय अंतिम नसतो आणि पराभूत कृतीचा पुनर्विचार होऊ शकतो, हे त्यात गृहीत आहे. साहित्याच्या इतिहासात विस्मृत कवीला पुन्हा वाचनात आणणारा समीक्षक याहून वेगळे काय करतो?

चाहत्यांच्या व्यवहाराचे गौरवीकरण करणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यात राष्ट्राभिमान असतो, अनुकरण असते, आणि कल्पित युरोपपुढे मान तुकवण्याची सवयही असते. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी रोमानिया या स्पर्धेपासून दूर राहिला. ज्या वादाला इतकी वर्षे दरसालचे निमित्त मिळत होते त्याचे निमित्तही असे तात्पुरते असू शकते. तरीही एक गोष्ट या 'आमातर' मंडळींनी जपली आहे. आपली निवड उघडपणे मांडावी, तिला क्रमांक द्यावा आणि तो का दिला असे कोणी विचारले की उत्तर द्यावे. क्रमांक हे त्या उत्तराचे संक्षिप्त रूप असते. उत्तर नसेल तर तो निव्वळ आकडा.

विद्यापीठीय समीक्षेने क्रमांकाचा त्याग केला, यात बिघडले काहीच नाही. त्यासोबत कारण देण्याची जबाबदारीही सोडून दिली, हे मात्र बिघडले. आपल्या अभ्यासक्रमांत, संपादित संग्रहांत, पुरस्कारांच्या शिफारशींत निवड अविरत चालूच आहे. ती निवड करणारे आपण प्राश्निक आहोत की नुसते गणक, याचे उत्तर आपण दिलेल्या कारणांवरूनच ठरेल.