फुगा, पेरू आणि बाहेरची कडी

नारायणगडाच्या पायथ्याला आमचं घर आहे. घरून काम करता येतं, म्हणून वर्षातले काही महिने मी तिथेच असतो. लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली की पारावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘असल्याला चौकात टांगा.’ दुसरं, आरोपी नात्यातला निघाला तर, ‘त्याचं डोकंच ठिकाणावर नाही.’ फ्रिट्झ लांगचा १९३१ सालचा ‘एम’ पाहताना ही दोन्ही वाक्यं मला पडद्यावर समोरासमोर भेटली.

लहान मुलींना मारणाऱ्या बेकर्टला शहरातले गुन्हेगारच पकडतात, कारण पोलिसांच्या धाडींनी त्यांचा धंदा बसलेला असतो. दारूच्या एका बंद कारखान्यात ते त्याचा ‘खटला’ चालवतात. आपल्याला आवरता येत नाही, असा बेकर्टचा आक्रोश पीटर लोर असा करतो की अंगावर काटा येतो. बचाव करणारा म्हणतो, ताबा नसलेल्याला मारू नका, डॉक्टरांकडे द्या. गर्दी म्हणते, मारा.

या प्रसंगाचं कौतुक रास्त आहे. पण त्याच्या भरात आपण सुरुवात विसरतो. तिथे बेकर्ट आंधळ्या फुगेवाल्याकडून एल्सीसाठी फुगा विकत घेतो. सगळं शहर शोधत असताना तो सापडत नाही. आवरता न येणारा माणूस इतका सावध कसा?

हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढेही आला. नागपुरात २०१६ साली एका माणसाने पेरू देतो म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घरी नेलं. आई शोधत आली तेव्हा मुलगी इथे नाही, असं त्याने सांगितलं. ती वरच्या मजल्यावर रडताना सापडली. खोलीला बाहेरून कडी होती. जानेवारी २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कपड्यावरून केलेला स्पर्श ‘पॉक्सो’तला लैंगिक हल्ला ठरत नाही म्हणत, तीन वर्षांची शिक्षा काढून विनयभंगाची एक वर्षाची ठेवली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. त्वचेला त्वचा लागली का, हे गौण. लैंगिक हेतू महत्त्वाचा.

आमच्या कामात सिस्टीम बिघडली की आम्ही आधी लॉग वाचतो. कोण काय सांगतं ते नंतर. इथला लॉग स्पष्ट आहे: पेरू, कडी, आईशी खोटं. आपण करतोय ते चूक आहे, हे त्या माणसाला माहीत होतं. वेडेपणाचा कायदेशीर बचावही नेमकं एवढंच विचारतो, की कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमता त्या वेळी होती का. नुसती अनावर इच्छा तिथे पुरत नाही.

म्हणून गुन्हेगाराला समजून घ्यायचं नाही, असं नाही. मुलांबद्दल आकर्षण वाटणं हा गुन्हा नाही. कृती हा गुन्हा आहे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५पासून अशा लोकांवर, कृती घडू नये म्हणून, गोपनीय उपचार होतात. उपचार करता येतात, कारण माणसाला स्वतःला थांबवता येतं. आणि थांबवता येतं, म्हणूनच तो जबाबदार ठरतो.

पारावरची दोन्ही वाक्यं ही जबाबदारी झटकतात. एक त्याला राक्षस करतं, दुसरं रोगी. दोन्हींत तो आपल्यातला उरत नाही. मागच्या वेळी दुसरं वाक्य ऐकून मीही मान हलवली होती. ‘पॉक्सो’च्या कलम १९नुसार माहिती असलेल्याने पोलिसांना कळवायचं असतं, हे मी नंतर वाचलं.