अनुसूचित जमातीची मान्यता आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे ठराव : नांदेड-लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

एखादा समूह 'अनुसूचित जमात' आहे किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार राष्ट्रपतींना आहे. एकदा प्रसिद्ध झालेल्या सूचीत नाव घालणे अथवा तीतून नाव वगळणे केवळ संसदेच्या कायद्यानेच शक्य होते. असे असूनही ग्रामपंचायत, नगरपरिषद वा जिल्हा परिषद यांचे पाठिंब्याचे ठराव मिळविणे हा आरक्षणविषयक चळवळींचा एक परिचित मार्ग झाला आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठा-कुणबी नोंदींसंबंधी निर्णय काढल्यानंतर त्याच आधारावर बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी जोरकसपणे मांडली आणि आदिवासी संघटनांनी तिला तितकाच तीव्र विरोध केला. या पार्श्वभूमीवर स्थानिक संस्थेच्या ठरावाचे मोल नेमके किती, हे तपासणे अगत्याचे ठरते. ठरावाला जनतेचा कौल मानणारी आणि त्याला निव्वळ कागद मानणारी, अशा दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हैदराबाद राज्यासाठी जी सूची होती, तीत आंध, भिल्ल, गोंड, कोलाम, परधान इत्यादी मोजक्याच जमाती होत्या. मन्नेरवारलू ही जमात कोलामांच्या नोंदीत अंतर्भूत होती. त्या काळी महादेव कोळी जमातीला मिळणारी मान्यता पश्चिम महाराष्ट्रातील ठरावीक तालुक्यांपुरती होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठली आणि १९७७ पासून मराठवाड्यातही महादेव कोळी असल्याचे दावे करण्याचा मार्ग खुला झाला. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ मध्ये सुमारे २९.५ लाख होती, ती १९८१ मध्ये सुमारे ५७.७ लाख झाली. ही वाढ नैसर्गिक नव्हे. क्षेत्रमर्यादा उठल्याने आलेले खरे हक्कदार आणि नामसाधर्म्याचा लाभ घेणारे, असे दोन्ही घटक तीत मिसळलेले आहेत. मन्नेरवारलू व मुन्नूरवार यांच्यातील नामसाधर्म्याचा वाद हे नांदेड जिल्ह्याचे ठळक उदाहरण होय.

नांदेड जिल्ह्यातील किनवट हा भाग १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर केलेला, १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच मुलखाशी निगडित आहे. किनवट परिसर अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तर लातूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे प्रमाण नांदेडमध्ये ८ टक्क्यांहून थोडे अधिक, तर लातूरमध्ये २ टक्क्यांच्या आसपास होते. 'स्थानिक पाठिंबा' या शब्दाचा अर्थ या दोन जिल्ह्यांत एकच राहत नाही, याचे कारण या भेदात आहे. सीमेचाही प्रश्न आहे. लंबाडा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात बंजारा या नावाने विमुक्त जातीत गणला जातो. नांदेडच्या सीमेवरील तांड्यातील माणसाला पलीकडच्या सोयऱ्याला मिळणारा दर्जा आपल्याला का नाही, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तो प्रश्न खरा आहे. मात्र त्याचे उत्तर देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे नाही.

ठरावाची संहिता :

ठराव ही एक संहिता मानून वाचली असता काही बाबी स्पष्ट होतात. विषय, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर' असा तिचा ठरलेला साचा असतो. या साच्यात पुराव्याला जागा नसते. संबंधित समाजाची बोली, विवाहपद्धती, कुलदैवत, मृत्युसंस्कार अथवा जुनी नोंद यांविषयी तो मौन पाळतो. 'सर्वानुमते' या एका शब्दाखाली गावातील अल्पसंख्याकांची असहमती झाकली जाते. ज्या गावात मागणी करणारा समाज बहुसंख्य आणि कोलाम वा आंध कुटुंबे अल्प, तेथे हा शब्द कोणाचे मत नोंदवितो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरी बाब हितसंबंधाची. अनुच्छेद २४३-ड नुसार पंचायतीतील राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. अनुसूचित क्षेत्रात, १९९६ च्या पेसा कायद्यान्वये, पंचायतीचे अध्यक्षपद अनुसूचित जमातीसाठीच राखीव असते. त्यामुळे सूचीत नवा समूह आला, की किनवटच्या गावात सरपंच कोण होऊ शकेल, हेच बदलते. साक्ष देणारी संस्था येथे स्वतःच वादातील पक्षकार ठरते. तिचे मत ऐकावे, परंतु ते तटस्थ साक्ष म्हणून स्वीकारता येत नाही.

कायद्याची भूमिका :

सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या खटल्यात (२०००) हा प्रश्न निकालात काढला. सूचीतील नोंद आहे तशी वाचावी, तिच्यात एखादी जात अंतर्भूत आहे हे सिद्ध करण्यासाठी पुरावा घेता येणार नाही आणि राज्य शासन वा न्यायालय यांनाही सूचीत फेरफार करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. जेथे राज्य शासनालाच हा अधिकार नाही, तेथे ग्रामपंचायतीला तो असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'धनगड' व 'धनगर' यांविषयीच्या याचिका फेटाळताना हीच दिशा कायम ठेवली. समावेशाची प्रशासकीय वाट १९९९ मध्ये ठरविण्यात आली. राज्य शासनाचा प्रस्ताव, भारताच्या महानिबंधकांची संमती, राष्ट्रीय आयोगाची शिफारस आणि अखेर संसदेतील विधेयक, असे तिचे टप्पे आहेत. या वाटेवर स्थानिक संस्थेचा टप्पा कोठेही नाही.

ठराव आणि नोंद :

तथापि, येथेच थांबल्यास चित्र अपुरे राहते. स्थानिक संस्था दोन आवाजांत बोलते. एक ठरावाचा, दुसरा नोंदीचा. जिल्हा परिषद शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत शिक्षकाने लिहिलेला जमातीचा शब्द, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील शब्द, गावनमुन्यातील शब्द हे कोणत्याही मागणीच्या आधी लिहिले गेलेले असतात. माधुरी पाटील खटल्यातील निकालानंतर (१९९४) उभ्या राहिलेल्या तपासणी समित्या व त्यांची दक्षता पथके याच नोंदींचा शोध घेतात. जमातीशी असलेले नाते पडताळणारी 'ॲफिनिटी टेस्ट' ही एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीसंबंधीच्या निकालात स्पष्ट केल्यावर जुन्या कागदाचे वजन आणखी वाढले आहे.

अमेरिकेतील व्यवस्थेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथील संघीय मान्यतेच्या नियमांत, परगण्याने अथवा अन्य स्थानिक शासनाने एखाद्या समूहाशी 'इंडियन' या ओळखीच्या आधारे पूर्वापार ठेवलेला व्यवहार हा पुराव्याचा एक प्रकार मानला जातो. म्हणजे आजच्या शिफारशीपेक्षा कालच्या व्यवहाराला तेथे महत्त्व आहे. पण तेवढ्याने मान्यता मिळत नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १८८५ मध्ये मान्य केलेल्या लंबी समूहाला १९५६ च्या संघीय कायद्याने नाव दिले, परंतु लाभ नाकारले. पूर्ण मान्यता येण्यास २०२५ साल उजाडले.

भारतातही स्थानिक साक्षीला सर्वस्वी स्थान नाही, असे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेकडून होते आणि त्याच्या नियमांनुसार दावेदारांव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून चालते. येथे ग्रामसभा अभिप्राय देत नाही, तर प्रत्यक्ष पाहिलेले सांगते. हा भेद मूलभूत आहे.

हानी कोणाची ?

या वादाची खरी झळ अशा कुटुंबांना बसते, ज्यांच्यात शाळेत जाणारी पहिलीच पिढी आहे. किनवटच्या कोलाम पाड्यावरील मुलाच्या आजोबांचे नाव १९५० पूर्वीच्या कोणत्याही शालेय नोंदवहीत नसते, कारण शाळाच नव्हती. निजामकालीन दप्तर असलेच, तर ते उर्दूत वा मोडीत असते आणि वाचणारा मिळत नाही. उलट शिकलेल्या, संघटित समूहाकडे कागदही असतो आणि ठरावही. दुसऱ्या टोकाला, सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१७ च्या बहिरा निकालानंतर ज्यांचे दावे अवैध ठरले, त्या कर्मचाऱ्यांना शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयान्वये अधिसंख्य पदांवर वर्ग केले. महाविद्यालयांतील अध्यापकांना हा अनुभव परका नाही. प्रवेशाच्या वेळी वैधता प्रमाणपत्रासाठी धावणारा विद्यार्थी आणि सेवेच्या उत्तरार्धात अस्थिर झालेला कर्मचारी, दोघेही एकाच अव्यवस्थेचे बळी आहेत.

समारोप :

स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव घटनात्मकदृष्ट्या निष्प्रभ आहे, पुराव्याच्या दृष्टीने रिक्त आहे आणि हितसंबंधाने बाधित आहे. तथापि तीच संस्था नोंदींची राखणदार आहे. पाठिंब्याचा हात वर करणे सोपे. वाळवी लागलेली नोंदवही जपणे, तिची प्रमाणित प्रत गरजूला विनासायास देणे, उर्दू व मोडी दप्तराचे लिप्यंतर करून घेणे आणि नोंद नसलेल्या कुटुंबांविषयी वृद्धांची निवेदने त्यांच्या हयातीतच लिहून ठेवणे कठीण. नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास, समाजशास्त्र व भाषा विभाग या कामी जिल्हा परिषदांना साहाय्य करू शकतात. मागणी कोणत्याही समाजाची असो, तिचा निवाडा संसदेत होईल. त्या निवाड्यापुढे खरा कागद ठेवणे, हे मात्र गावाच्या हाती आहे.