रिकाम्या मुठीचा देव

१

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात गेलो होतो. तिथल्या पोसायडनच्या लहानशा ब्राँझमूर्तीसमोर उभे राहून मी नेहमीचीच माहिती सांगत होतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४०च्या दशकात ही मूर्ती मिळाली; १९४५-४६मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. सातवाहनकाळात या वस्तीचा रोमन जगाशी व्यापारी संबंध होता, याचा हा पुरावा, वगैरे. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, याच्या हातात तर काहीच नाही. मग हा पोसायडन कशावरून?’’

‘‘तज्ज्ञांनी तसे ठरवले आहे,’’ असे काहीसे उत्तर मी दिले. ते उत्तर नव्हे, हे तिलाही कळले आणि मलाही. परतीच्या गाडीत मला आणखी एक गोष्ट टोचत राहिली. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातल्या आर्टेमिसियनच्या प्रसिद्ध ब्राँझपुतळ्याचे चित्र दाखवून ‘हा पोसायडन’ असे मी वर्षानुवर्षे वर्गात बेधडक सांगत आलो होतो. त्या पुतळ्याची मूठही रिकामीच आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या खटपटीतून हा लेख झाला.

एक खुलासा आधीच करतो. पोसायडनच्या आयुधाला आपण सरसकट ‘त्रिशूळ’ म्हणतो आणि मीही सोयीसाठी तोच शब्द वापरणार आहे. पण हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे शंकर उभा राहतो. ग्रीकांच्या डोळ्यांपुढे उभा राहत असे तो कोळी. मोठे मासे टिपण्याचा तीन दात्यांचा भाला हे मुळात भूमध्यसागरी कोळ्यांचे रोजचे हत्यार. ते देवाच्या हाती गेले. म्हणजे हे आयुध आधी कष्टकऱ्याचे आणि मग देवाचे आहे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

२

पोसायडन हा जुना देव. ग्रीसमधल्या पायलोस इथल्या ब्राँझयुगीन राजवाड्यात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर, लिनिअर बी लिपीत, त्याचे नाव येते. पुराणकथेप्रमाणे तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून विश्व वाटून घेतले. झ्यूसला आकाश मिळाले, हेडीसला पाताळ, पोसायडनला समुद्र. भूकंप आणि घोडे हीदेखील त्याचीच सत्ता.

शिल्पकारापुढची अडचण इथूनच सुरू होते. ग्रीकांचे इतर जलदेव अंगावरच आपली ओळख वागवतात. अखिलोस ही नदी. तिच्या देवाला बैलाची शिंगे असतात, कधी सबंध धड बैलाचे आणि तोंड दाढीवाल्या माणसाचे. ट्रायटनला कमरेखाली माशाची शेपटी आहे. प्रोटियस तर पाण्यासारखाच. धरू जावे तर रूप पालटतो. या सगळ्यांच्या देहातच पाणी शिरलेले आहे. पोसायडन मात्र पूर्ण मनुष्याकृती, दाढीधारी, भरल्या छातीचा प्रौढ पुरुष. त्याच्या थोरल्या-धाकट्या भावांना वेगळे काढावे असे त्याच्या देहात काही नाही. त्यामुळे ओळखीचा सगळा भार हातावर आला. वज्र धरले तर झ्यूस, त्रिशूळ धरला तर पोसायडन.

कोरिंथजवळच्या पेंतेस्कूफिया इथे १८७९मध्ये रंगवलेल्या मातीच्या शेकडो लहान फळ्यांचे तुकडे मिळाले. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातल्या या फळ्या पोसायडनला वाहिलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा आज बर्लिनमध्ये आहेत. काहींवर त्रिशूळ घेतलेला पोसायडन आणि त्याची पत्नी अँफिट्राइटी दिसते. काहींवर मात्र माती खणणारी, चाकावर भांडी घडवणारी आणि भट्टी पेटवणारी माणसे आहेत. कुंभारांनी आपला देव आणि आपली भट्टी एकाच आकाराच्या फळीवर, एकाच काळ्या रंगात काढली. कलाइतिहासाची पुस्तके या फळ्यांना ‘भट्टीचे तंत्र समजण्याचे साधन’ म्हणून वापरतात आणि पुढे जातात. मला त्यांत देवाशी असलेली सलगी दिसते. पोसायडनची इतकी जवळची चित्रे पुढे फारशी झाली नाहीत.

३

आता अथेन्सच्या त्या पुतळ्याकडे येऊ. यूबिया बेटाच्या आर्टेमिसियन भूशिराजवळ १९२६मध्ये समुद्रातून ब्राँझचा एक हात वर आला आणि १९२८मध्ये बाकीचा देह. एका पाणबुड्याच्या मृत्यूनंतर काम थांबवण्यात आले. पुतळ्याची उंची २.०९ मीटर, काळ इसवी सनापूर्वी ४६०च्या आसपासचा. डावा हात पुढे नेम धरून ताणलेला, उजवा मागे फेकण्याच्या पवित्र्यात. डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या आणि उजवी मूठही रिकामी.

समुद्रात सापडला म्हणून समुद्राचा देव, हा तर्क वर्गात छान वाटतो, पण तो लंगडा आहे. हा पुतळा बुडालेल्या जहाजावरचा माल होता. त्याच जहाजावर घोडा आणि त्यावरचा लहानगा स्वारही होता. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद अधिक बळकट आहे. त्या मुठीत लांब दांड्याचा त्रिशूळ बसवला तर तो नेमका चेहऱ्यापुढून जातो आणि बाजूने पाहणाऱ्याला चेहराच झाकला जातो. आखूड वज्र धरले तर चेहरा मोकळा राहतो. याच पवित्र्यातल्या, हातात वज्र असलेल्या झ्यूसच्या छोट्या ब्राँझमूर्ती उपलब्धही आहेत. म्हणून आज बहुतेक अभ्यासकांचा कल झ्यूसकडे आहे. पण दक्षिण इटलीतल्या पोसायडोनिया या ग्रीक वसाहतीची नाणी पाहा. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातल्या या नाण्यांवर पोसायडन अगदी याच ढंगाने पाऊल टाकून त्रिशूळ उगारतो. म्हणजे पवित्रा दोघांचा सारखाच. मी झ्यूसच्या बाजूचा झालो आहे; तरीही ‘बेधडक’ हा शब्द मी आता वापरत नाही.

त्याच संग्रहालयात लिवादोस्त्राच्या उपसागरात १८९७मध्ये मिळालेला ब्राँझचा आणखी एक पुतळा आहे, थोडा आधीचा. त्याच्या बैठकीवर ‘पोसायडनला अर्पण’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. तिथे वाद नाही. पण खरे सांगायचे, तर बघणारे आर्टेमिसियनच्या पुतळ्यापुढेच खिळतात. ज्याचे नाव पक्के आहे त्याच्यावरून नजर पुढे सरकते. ज्याचे नाव अनिश्चित आहे त्याचा देह आपण नीट पाहतो. टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत ताणलेली ती लय दिसायला मुठीत काही असावे लागत नाही.

हाच अनुभव पार्थेनॉनच्या बाबतीत येतो. मंदिराच्या पश्चिमेकडच्या त्रिकोणी शिल्पपटात अथीना आणि पोसायडन अथेन्सच्या मालकीवरून समोरासमोर आले होते. पोसायडनने खडकावर प्रहार करून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अथीनाने ऑलिव्हचे झाड दिले आणि ती जिंकली. १६८७मध्ये व्हेनिसच्या तोफांनी मंदिर उद्ध्वस्त झाले. पुढे सेनापती मोरोसिनीने पोसायडन आणि घोडे उतरवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते खाली कोसळून फुटले. आज पोसायडनच्या धडाचा एक भाग अथेन्समध्ये आहे, दुसरा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. डोके नाही, हात नाहीत. मूळ रचना कळते ती मुख्यतः १६७४च्या रेखाटनांवरून. तरीही त्या धडात मागे झेपावणारी, एखादी लाट फुटण्याआधी मागे ओढली जावी तशी हालचाल उरली आहे. आयुध, चेहरा, नाव सगळे गेल्यावरही पाणी शिल्लक राहते, ते असे.

४

रोमनांनी त्याला नेपच्यून म्हटले. मूळचा नेपच्यून गोड्या पाण्याचा देव. त्याचा सण २३ जुलैला, इटलीतल्या ऐन कोरड्या उन्हाळ्यात. ट्युनिसियातल्या ला शेब्बा इथे सापडलेल्या आणि आता बार्दो संग्रहालयात असलेल्या दुसऱ्या शतकातल्या मोझाइकमध्ये ही जुनी आठवण अजून जिवंत आहे. मधोमध समुद्री घोड्यांच्या रथात त्रिशूळधारी नेपच्यून, चार कोपऱ्यांत चार ऋतू आणि त्यांची शेतीची कामे. समुद्राच्या देवाभोवती पीकपाणी गुंफले आहे. उत्तर आफ्रिकेतल्या जमीनदाराला देवाकडून काय हवे होते ते यातून कळते.

प्रबोधनकाळात त्रिशूळ माणसांच्या हाती गेला. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातले ब्रोन्झिनोचे चित्र या बाबतीत बोलके आहे. जिनोआचा नौसेनानी आंद्रेआ दोरिया त्यात नेपच्यूनच्या रूपात, जवळजवळ नग्न उभा आहे. वय झालेला चेहरा आणि तरुण देवाला शोभेल असे शरीर यांचा सांधा जुळत नाही, आणि त्या विसंगतीतच चित्राची गंमत आहे. पण महत्त्वाचे हे, की ब्रोन्झिनोने त्याच्या हाती मुळात वल्हे दिले होते. ते पुसून पुढे त्रिशूळ रंगवला गेला. वल्हे होते तेव्हा तो दर्यावर्दी होता. तीन दाते उमटताच देव झाला. ओळख हातावर आली, की ती अशी बदलता येते.

त्यानंतर शहरोशहरी नेपच्यूनची कारंजी उभी राहिली. बोलोन्याला समुद्र नाही, तरी १५६०च्या दशकात जांबोलोन्याने तिथे ब्राँझचा प्रचंड नेपच्यून उभारला. उजव्या हातातला त्रिशूळ खाली ठेवून डावा हात पसरत तो जणू लाटांना ‘शांत व्हा’ म्हणतो. त्या काळी बोलोन्यावर पोपची सत्ता होती. लाटा म्हणजे प्रजा, हे सांगायला नको. मूर्ती म्हणून ती उत्तम आहे, कारण तिथे सत्ता पसरलेल्या तळहातात आहे. उलट, फ्लॉरेन्सच्या चौकातला अम्मानातीचा संगमरवरी नेपच्यून नुसताच अवाढव्य. त्याला गावकऱ्यांनी ‘इल ब्यांकोने’, म्हणजे ‘धिप्पाड पांढरा’, असे टोपणनाव दिले. समीक्षकाला त्यात भर घालण्यासारखे फारसे नाही.

बर्निनीने १६२२च्या सुमारास रोममधल्या एका बागेतल्या तळ्यासाठी नेपच्यून आणि ट्रायटन घडवले. हे शिल्प आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये कोरड्या फरशीवर आहे. देवाचे सबंध अंग पिळवटलेले आणि त्रिशूळाचे दाते खाली पाण्याकडे वळलेले. बागेत ट्रायटनच्या शंखातून पाणी उडत असे. पाणी गेल्यावर हा देव फरशीवर कोणावर रागावला आहे, असा प्रश्न पडतो. पण त्या पिळातून ते तळे पुन्हा मनात भरते.

यानंतर त्रिशूळाने देवाला सोडले. १७९७च्या ब्रिटिश पेनीवर ब्रिटानियाच्या हातातला भाला जाऊन त्रिशूळ आला. १८४७मध्ये विल्यम डाइसने राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न हाउसमध्ये भित्तिचित्र रंगवले. त्यात नेपच्यून समुद्राचे साम्राज्य ब्रिटानियाच्या स्वाधीन करतो. जलदेव इथे निवृत्त होणाऱ्या कारभाऱ्यासारखा दिसतो. १८९५पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेल्या ब्रिटिश डॉलरवरही ब्रिटानिया त्रिशूळ घेऊन उभी आहे, आणि ती नाणी मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत पाडली गेली. आपल्याच फोर्टात तो त्रिशूळ चांदीत उठत होता. १९२६मध्ये बोलोन्याच्या मासेराती बंधूंनी आपल्या मोटारीवर त्या कारंज्यातला त्रिशूळ बसवला. देवाची गरज उरली नव्हती. १९६६मध्ये स्वतंत्र झालेल्या बार्बाडोसने आपल्या ध्वजावर दांडा मोडलेला त्रिशूळ घेतला. वसाहतीच्या जुन्या चिन्हात तो ब्रिटानियाच्या हाती होता. नव्या ध्वजावर तो मोडका आहे, हाच त्याचा अर्थ. कोळ्याच्या हत्यारापासून निघालेला हा प्रवास राजचिन्ह, नाणे आणि बोधचिन्ह असा होत इथवर येतो.

५

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. कोल्हापूरची मूर्ती पोसायडनची ठरते ती तुलनेने. रोमन जगात अशाच ठेवणीच्या लहान मूर्ती घडत होत्या. दाढी, नग्न देह, दांडा धरण्यासाठी उचललेला हात ही चिन्हे एकत्र वाचून तज्ज्ञ निर्णयाला येतात. ओळख पटवण्याची रीत म्हणून हे योग्यच आहे.

पण तिच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडला होता, तो मला उशिरा उमगला. ओळख पटल्यावर आपण काय पाहतो? ब्रह्मपुरीच्या ठेव्यात ब्राँझचा आरसा आहे, सुरई आहे, स्वार बसलेला हत्ती आहे. या सगळ्यांवर मी जी वाक्ये बोलत आलो, ती सगळी व्यापाराविषयीची होती. पोसायडनची मूर्ती माझ्या लेखी एक पावती होती. माल आला होता, एवढेच तिने सिद्ध करायचे. ज्या कोल्हापूरकराने ती दोन हजार वर्षांपूर्वी घरी आणली, त्याला पोसायडन हे नाव माहीत असण्याचे कारण नाही. त्याला व्यापाराचा पुरावाही नको होता. त्याने ती बाळगली, जपली. म्हणजे तिच्या देहात त्याला काहीतरी दिसले असणार. नाव न कळता मूर्ती आवडणे हा तिचा अपमान नव्हे. आर्टेमिसियनच्या पुतळ्यापुढे आपण सगळे त्याच कोल्हापूरकराच्या जागी उभे असतो.

गेल्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांना घेऊन मी पुन्हा तिथे गेलो. या वेळी आधी नाव सांगितले नाही. पंधरा मिनिटे नुसते पाहा आणि मग बोला, एवढेच म्हणालो. एक जण म्हणाला, याने काहीतरी जड धरले होते, खांद्यावरून कळते. दुसरी म्हणाली, हा देव कशाला तरी टेकून लांबवर बघतोय. तिसरा म्हणाला, कोळी असेल. मी त्याला चूक म्हटले नाही.