नसलेल्या लेखाचं परीक्षण

लेखाचं नाव 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल'. लेखक तिघं: व्हॅन डेर गीअर, हानराड्स आणि लप्टन. साल २०००. नियतकालिकाचं नाव संक्षिप्त रूपात 'जे. साय. कम्यून.', खंड १६३, पानं ५१ ते ५९. म्हणजे वैज्ञानिक लेख कसा लिहावा यावर अवघी नऊ पानं. आणि जवळपास चारशे शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत या नऊ पानांचा उल्लेख आहे. एवढी सायटेशन्स मिळवण्यात अनेक संशोधकांची उमेद सरते.

या गाजलेल्या लेखाचं परीक्षण करायचं मी ठरवलं आहे. अडचण एकच: तो कुणी लिहिलेलाच नाही. ना तो खंड आहे, ना ती नऊ पानं.

झालं असं, की एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेनं लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसे लिहायचे हे दाखवायला एक काल्पनिक नमुना दिला होता. आपल्या शाळेच्या पुस्तकात पत्रलेखनाच्या नमुन्याखाली 'अ. ब. क.' असायचं, तसाच. परिषदांचे निबंध छापणाऱ्या त्यांच्या 'प्रोसीडिया' मालिकेच्या वर्ड टेम्प्लेटमध्येही तो होता. लोकांनी टेम्प्लेट उघडलं, आपला मजकूर भरला, आणि तळाचा नमुना खोडायचा राहून गेला. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे पीटर क्रोनेनबर्ग यांच्या ही गोष्ट लक्षात आली आणि २०१७ मध्ये संशोधक ॲन-विल हार्झिंग यांनी तिचा छडा लावून ती लिहून काढली. त्यांना सापडलेली बहुतेक सायटेशन्स अशाच परिषदांच्या निबंधांतली होती.

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे. पण मला ती सोडवेना, कारण चारशे वेळा चुकलेल्या गोष्टीला आम्ही सॉफ्टवेअरवाले 'युजरची चूक' म्हणत नाही. तो सिस्टिमचा बग असतो.

म्हणून हा लेख नीट वाचून पाहू. त्याची ती एक ओळ हीच संपूर्ण संहिता आहे. आडनाव आधी, मग आद्याक्षरं. साल जागच्या जागी. नियतकालिकाच्या नावाचा संक्षेप, त्यावर टिंब. खंड, स्वल्पविराम, पानं, मध्ये छोटी रेघ. या ओळीत बोट ठेवायला जागा नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली. लेखकाच्या, सहलेखकांच्या, परीक्षकांच्या, संपादकांच्या. खऱ्या लेखाचा संदर्भ देताना स्वल्पविराम चुकला तर पत्र येतं. खोट्या लेखाचे सगळे स्वल्पविराम बरोबर असतील तर काहीच येत नाही.

ऑनलाइन फॉर्ममध्ये पिनकोडच्या रकान्यात सहा आकडे टाकले की बऱ्याचदा हिरवी खूण येते. त्या पिनकोडचं गाव आहे की नाही, हे फॉर्म बघतोच असं नाही. डेटाबेसच्या भाषेत या दोन वेगळ्या तपासण्या आहेत: माहितीचा साचा बरोबर आहे का, आणि ती ज्याच्याकडे बोट दाखवते ते खरंच तिथे आहे का. संदर्भसूचीचं सगळं प्रयोजन दुसऱ्या तपासणीत आहे आणि आपली सगळी मेहनत पहिल्या तपासणीवर खर्च होते.

हे मुळात असं ठरलं नव्हतं. १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले आणि त्यांनी हस्तलिखितांसाठी सामाईक नियम ठरवले. एका ठिकाणी नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवताना तो पुन्हा टाइप करावा लागू नये, हा साधा हेतू. आजही अनेक जण वापरतात ती व्हँकुव्हर शैली त्यातूनच आली. म्हणजे ही शैली जन्मली ती लेखकाचे कष्ट वाचवायला. आता झोटेरोसारखी सॉफ्टवेअर्स वापरतात त्या शैलींच्या भांडारात दहा हजारांहून जास्त नोंदी आहेत. त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींच्या नकला आहेत हे मान्य, पण एवढी नावं लागतात यातच सगळं आलं. २०१९ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या एका सर्वेक्षणात, एका हस्तलिखिताच्या एकूण फॉरमॅटिंगला साधारण १४ तास लागतात असं संशोधकांनी सांगितलं होतं.

चौदा तासांत किती संदर्भ वाचून होतील? हा प्रश्न मी टोमणा म्हणून विचारत नाहीये. २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी १९७३ च्या एका प्रसिद्ध भौतिकशास्त्रीय निबंधाची सायटेशन्स तपासली. १९६ ठिकाणी छापील चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ वेळा आली होती. कॉपी कुणी कुणाची केली हे वर्गात आपण असंच पकडतो. त्यांचा अंदाज असा, की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकच मूळ निबंध वाचतात.

उरलेल्या ८० टक्क्यांत मी होतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये माझे ३१ संदर्भ होते. एका पेपरच्या शेवटची यादी जवळजवळ जशीच्या तशी उचललेली. रात्री दोनपर्यंत जागून मी चौकोनी कंस, इटॅलिक, टिंबं जुळवली. सरांनी यादी पाहिली, दोन ठिकाणी इटॅलिक राहिलंय म्हणाले, आणि सही केली. मला खरंच अभिमान वाटला होता. गेल्या वर्षी तो रिपोर्ट सापडला तेव्हा एकेक संदर्भ उघडून बघितला. माझ्या एका ठाम विधानापुढे जो क्रमांक होता, त्या पेपरचा निष्कर्ष बरोबर उलटा निघाला.

फॉरमॅट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. खंड, पान, डीओआय क्रमांक हे वाचकाला त्या लेखाच्या दारापर्यंत नेतात. दार उघडून आत जाणं मात्र लेखकानं आधी केलेलं असायला हवं. काही नियतकालिकं आता पहिल्यांदा लेख पाठवताना कुठल्याही शैलीतली यादी चालवून घेतात, फक्त ती एकसारखी असावी. हे शहाणपणाचं आहे. टिंबं बसवणं यंत्राचं काम आहे, ते यंत्राला द्यावं.

गंमत अशी, की यंत्र ते काम आता गरजेपेक्षा जास्त चांगलं करतं. चॅटबॉटला संदर्भ मागा. खरे देईल, आणि अधूनमधून अगदी व्हॅन डेर गीअर घराण्यातले, कधीच न लिहिलेले, पण टिंबासकट निर्दोष संदर्भही देईल. पूर्वी खोटा संदर्भ निदान टेम्प्लेटमध्ये राहून जावा लागायचा. आता तो मागणीनुसार तयार होतो, आणि स्वल्पविराम पाहून त्याला पकडण्याची सोय उरलेली नाही.

आणि आपल्या त्या लेखाचं? सूचनांच्या पुढच्या आवृत्तीत त्याचं साल बदलून २०१० झालं आणि त्याला एक डीओआयसुद्धा मिळाला. जन्माला न आलेल्या माणसाचं आधार कार्ड निघावं तसं.

माझी ३१ ची यादी मी पुन्हा केली. वाचलेलेच ठेवले. नऊ उरले.