शोकसंदेश, प्रार्थना आणि शस्त्र

दिनांक २७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस नगरात, अनन्सिएशन चर्चमध्ये, शालेय वर्षाच्या पहिल्या आठवड्यातील विद्यार्थ्यांचा मिस्सा चालू असता बाहेरून खिडक्यांतून गोळीबार झाला. आठ आणि दहा वर्षांची दोन बालके मृत्युमुखी पडली, वीसहून अधिक माणसे जखमी झाली. हल्लेखोराजवळची शस्त्रे कायद्याने विकत घेतलेली होती. या घटनेनंतर रोमहून दोन वचने आली. दोन्ही पोप लिओ चौदावे यांचीच. मध्ये अवघ्या चार दिवसांचे अंतर. प्रस्तुत टिपणात त्यांची चिकित्सा करावयाची आहे. आपल्या व्यासपीठांवरून आपण जे शोकपर बोलतो, त्याचा साचा बहुधा अशाच वचनांवरून घेतलेला असतो, म्हणून हा खटाटोप.

पहिले वचन म्हणजे घटनेच्या दिवशीच तेथील महागुरुस्वामींना पाठविलेला शोकसंदेश. त्यात तीव्र दुःख आहे, मृत बालकांना देवाच्या प्रीतीच्या स्वाधीन करणे आहे, जखमी, परिचारक व पाळक यांच्यासाठी प्रार्थना आहे, आणि शेवटी आशीर्वाद आहे. शस्त्र मात्र नाही. भूकंपात वा पुरात बालके दगावली असती, तर एखाददुसरा शब्द बदलून हाच संदेश पाठविता आला असता. यात पाठविणाऱ्याचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही. शोकसंदेश हा एक ठरीव लेखनप्रकार आहे आणि पहिल्या दिवशी मौनाजवळचे शब्द वापरावेत हा संकेत निरर्थक नव्हे. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर ते भले मित्र होते. परंतु संकेत हा संकेतच. तो चौथ्या, चाळिसाव्या दिवशीही चालू राहिला, म्हणजे दुःखाची भाषा ही दुःखाचे कारण झाकण्याची भाषा होऊन बसते.

दुसरे वचन ३१ ऑगस्टच्या रविवारी, देवदूताच्या निरोपाच्या प्रार्थनेनंतरचे. त्यात लहानमोठ्या शस्त्रांची महामारी जगाला ग्रासते आहे, ती देवाने थांबवावी अशी विनवणी झाली, आणि तरवारींचे फाळ होतील या यशयाच्या भविष्यवाणीचे स्मरण दिले गेले. शस्त्राचे नाव घेतले गेले हे निःसंशय मोठे पाऊल होय. यापूर्वी २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ बालके व दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्याच दिवशी शस्त्रांच्या बेबंद व्यापाराला आता पुरे म्हणण्याची वेळ आली आहे, असे सांगितले होते. दोहोंची तुलना केली तर मला फ्रान्सिस यांचे वचन अधिक सरस वाटते. ‘व्यापार’ म्हटले की विकणारा आला, घेणारा आला, नफा आला आणि परवाना देणारा अधिकारीही आला. ‘महामारी’ला कर्ता नसतो. साथ येते आणि जाते. तिच्यावर कोणी खटला भरीत नाही. शस्त्र मात्र कोणीतरी घडविलेले, कोणीतरी विकलेले आणि कोणीतरी घरात आणून ठेवलेले असते. गंमत अशी, की त्याच भाषणात आलेली यशयाची प्रतिमा हा दोष आपोआप दुरुस्त करते. तरवारी आपण होऊन वितळत नाहीत. लोक त्या ठोकून त्यांचे फाळ करतात असे संदेष्टा म्हणतो. तेथे लोहार आहे, ऐरण आहे, घाम आहे.

अमेरिकेत या निमित्ताने प्रार्थनेवरच वाद माजला. मुले प्रार्थनाच करीत होती, तेव्हा केवळ प्रार्थनेच्या गोष्टी सांगू नका, अशा आशयाचे उद्गार नगरपालांनी काढले. त्यावर हा श्रद्धेचा उपमर्द आहे, असे प्रत्युत्तर राष्ट्राध्यक्षांच्या गोटातून आले. दोन्ही पक्ष प्रार्थनेला कृतीची जागा घेणारी वस्तू समजतात असे दिसते. एकाला ती बदली नको आहे, दुसऱ्याला पुरेशी वाटते. पवित्र शास्त्रातील विलाप या दोहोंत बसत नाही. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमची बालके मारली जातात तेव्हा सुवार्तिक यिर्मयाच्या राहेलीची आठवण करून देतो, आणि ती राहेल सांत्वन नाकारते. तिचे हे नाकारणे शास्त्राने अविश्वास म्हणून नोंदविलेले नाही. शिवाय हुकूम कोणी दिला हे मत्तय स्पष्ट सांगतो. हेरोदाचे नाव गाळून तो परिच्छेद वाचून पाहावा, म्हणजे आपली पुष्कळशी शोकप्रवचने कशी वाटतात ते कळेल.

दुःखाच्या आकारमानावरून पुढची कृती ठरत नाही, हेही इतिहासात दिसते. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १३ मार्च १९९६ रोजी १६ बालके व त्यांची शिक्षिका मारली गेली. लोकांनी सात लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या गोळा केल्या, आणि १९९७ मधील दोन कायद्यांनी ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुले जवळजवळ बंद झाली. सँडी हूक येथे १४ डिसेंबर २०१२ रोजी २० बालके व सहा प्रौढ गेले. पुढील एप्रिलमध्ये खरेदीदाराची चौकशी वाढविणारी तडजोडीची सूचना सिनेटात ५४ मते मिळूनही पडली, कारण ६० हवी होती. अश्रू तेथे कमी नव्हते.

आता आपल्याकडे वळू. डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्री लईराईच्या जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. (म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही या देवीची बहीण अशी लोकश्रद्धा असल्याने ते दुःख आपल्या घरचेही होते.) तेथे शोक आणि प्रश्न एकदमच उठले. उतार, अरुंद वाट, गर्दीचे नियोजन यांविषयी लोक त्याच दिवशी बोलू लागले आणि शासनाने सत्यशोधन समिती नेमली. कारण विचारणे हा मृतांचा अपमान आहे असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानी आले नाही. पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. तेथील हुतात्म्यांच्या स्मरणातही गोळी कोणाची होती हे कधी झाकले गेलेले नाही. म्हणजे कारणासह शोक करण्याची रीत आपल्या भूमीला परकी नाही. ती चर्चच्या दारातून आत येताना मात्र बिचकते.

तथापि अमेरिकेवरचे प्रवचन जसेच्या तसे पेडण्यात वा डिचोलीत करणे हा दुसरा प्रमाद होय. येथील डोंगराळ वाड्यांत बंदूक पुष्कळदा शेतीच्या अवजारांबरोबर ठेवलेली असते. काजूच्या बागायतीत माकडे, भाताच्या शेतात रानडुकरे, कोठे गवे. त्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली की शेतकरी कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर सर्वस्वी खोटी नसते. यशयाची प्रतिमा येथे थोडी अडखळते, कारण ही तरवार फाळाच्याच बाजूने उभी आहे. आपल्या देशात १९५९ च्या कायद्याने शस्त्र बाळगणे परवान्यावर अवलंबून आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा उरली. २०१६ च्या नियमांत प्रशिक्षण व सुरक्षित साठवणीची तरतूद आहे. तेव्हा आपल्या धर्मग्रामात प्रश्न हक्काचा नसून कपाटाच्या कुलपाचा आहे. गुडगाव येथील शाळेत ११ डिसेंबर २००७ रोजी आठवीतील एका मुलाला वर्गबंधूंनी ठार केले, ते पिस्तूल त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांचे होते. त्यानंतरची बरीचशी चर्चा चित्रपट, पैसा आणि आजची पिढी यांच्याभोवती फिरली. पिस्तूल मुलाच्या हाती कसे लागले हा त्यामानाने लहान, रुक्ष आणि उपयोगी प्रश्न मागे पडला. प्रवचनकारांनाही आजची पिढी हा विषय फार सोयीचा असतो, कारण त्यात समोर बसलेल्या बापांना काही विचारावे लागत नाही.

धर्मशिक्षकांना या बाबतीत आधार हवा असेल तर तो जवळच आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २३१६ व्या परिच्छेदात शस्त्रांची निर्मिती व विक्री यांचे नियमन हे सार्वजनिक सत्तेचे हक्काचे आणि कर्तव्याचे काम म्हटले आहे. तेथे संदर्भ राष्ट्रांचा आहे हे खरे, आणि न्याय्य स्वसंरक्षणाची शिकवण त्याच ग्रंथात आहे हेही खरे. दोन्ही एकत्र शिकविता येतात. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत मात्र आपण ‘जगातील हिंसाचार थांबावा’ एवढ्यावर थांबतो. त्या जागी ‘ज्यांच्या घरी शस्त्र आहे ते त्यांनी मुलांच्या हाती लागू देऊ नये’ असे म्हटले, तर प्रार्थना देवाकडेच जाते, पण वाटेत दोनचार बाकांवर थांबते. २८ डिसेंबरचा निष्पाप बालकांचा सण नाताळच्या गडबडीत आपण बहुधा उरकून टाकतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या दिवशी मुलांना मुखवटे, टोप्या व मिठाई वाटण्याआधी मत्तयाचा तो परिच्छेद हेरोदाच्या नावासह पुरता वाचावा.

तरवारींचे फाळ करण्याविषयीचे यशयाचे वाचन ‘अ’ वर्षात आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी येते. मागील खेपेस ते ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, मिनियापोलिसच्या घटनेनंतर तीन महिन्यांनी वाचले गेले. पुढील खेप २०२८ मध्ये आहे. पेडणे व डिचोलीतील ज्या बंधूंना त्यावर बोलावयाचे आहे, त्यांनी आपल्या ग्रामातील परवानाधारकांशी आधी एकदा बसून बोलावे. बंदूक कोठे ठेवता, काडतुसे वेगळी ठेवता काय, किल्ली कोणाजवळ असते, एवढे विचारावयाला अर्धा तास पुरेल.