गाजलेले गाणे आणि अभिजातता

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. मुंबईला नोकरी करतो, कानात सदा गाणे असते. बोलता बोलता वाद निघाला. त्याचे म्हणणे असे की, ज्या रॅप आल्बममधली निदान दोन-तीन गाणी गाजली नाहीत, त्याला अभिजात म्हणण्यात अर्थ नाही. "सर, लोकांनी ऐकलेच नाही तर अभिजात कुणासाठी?" हा त्याचा सवाल. मास्तर असल्यामुळे मला उत्तर तत्काळ सुचायला हवे होते. सुचले नाही. पुढे चार महिने सवड काढून मी त्याने दिलेले आल्बम ऐकले. मॅट्रिकच्या इंग्रजीवर न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतली बोली उमजत नाही. तेव्हा शब्द वहीत उतरवून घेऊन, एकेक ओळ पुनःपुन्हा ऐकून, मुलाने धडा गिरवावा तसा मी तो गिरवला. संगीताचा मी जाणकार नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे, आणि हा प्रश्न मला मुळात कादंबरीकाराचाच वाटला, म्हणून त्यात पडलो.

एक गोष्ट आधीच कबूल केली पाहिजे. रॅप बाजारात आले ते सुट्या रेकॉर्डीवरून. 1979 साली शुगरहिल गँगचे 'रॅपर्स डिलाइट' निघाले, ते बारा इंची तबकडीवरचे चौदा मिनिटांहून लांब असे एक गाणे होते. त्याआधी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात होते ते नाचाचे जलसे, दोन तबकड्या आलटून पालटून फिरवणारा डीजे आणि गर्दीला चेतवणारा बोलघेवडा. सबंध आल्बमची कल्पना रुजली ती नंतर. रन-डीएमसीचा 1984 सालचा आल्बम हा 'गोल्ड' ठरलेला, म्हणजे अमेरिकेत पाच लाखांची मजल गाठलेला, पहिला रॅप आल्बम. तेव्हा गाजलेल्या गाण्याला नाक मुरडणे म्हणजे या कलेचे कूळच नाकारण्यासारखे आहे. शुद्धतेचा आव आणणारे काही रसिक तसे करतात खरे. पण त्यांची बाजू मला घ्यायची नाही.

मग गाजलेल्या गाण्यानेच आल्बम मोठा होतो काय? 1990 सालाकडे पाहावे. त्या वर्षी एम. सी. हॅमरचा आल्बम अमेरिकेच्या यादीत एकवीस आठवडे पहिला होता. त्यातले 'यू कान्ट टच धिस' ठाऊक नाही असा माणूस तेव्हा सापडला नसता. त्याच वर्षी व्हॅनिला आइसचे 'आइस आइस बेबी' हे सुट्या गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचणारे पहिले रॅप गाणे ठरले, आणि त्याचा आल्बमही सोळा आठवडे अग्रभागी राहिला. आज हे दोन आल्बम आरंभापासून अखेरपर्यंत कोण ऐकतो? गाणी लग्नाच्या मांडवात अजून वाजतात, आल्बम मात्र विरून गेले. माझ्या विद्यार्थ्याचा सिद्धांत इथेच लंगडा होतो. पण एवढ्याने तो कोसळत नाही. गाजणे पुरेसे नाही एवढेच यावरून कळते. ते आवश्यक आहे की नाही, हा प्रश्न तसाच उरतो.

त्यासाठी 'इलमॅटिक' ऐकला पाहिजे. नासिर जोन्स, म्हणजे नाझ, याचा हा पहिला आल्बम 1994 सालच्या एप्रिलात आला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. शाळा अर्ध्यावर सोडलेला. (वर्गात मागच्या बाकावर बसून काहीबाही खरडणाऱ्या पोरांकडे मी अलीकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे, ते या पोरामुळे.) तो वाढला ती वस्ती क्वीन्सब्रिज, पुलाच्या कुशीतली सरकारी घरांची, सहा मजली इमारतींची प्रचंड वसाहत. सबंध आल्बम चाळीस मिनिटांचाही नाही. एक प्रास्ताविक आणि नऊ गाणी. सुट्या रेकॉर्डी त्यातूनही काढल्याच होत्या, पण मोठे यश एकीलाही आले नाही. 'इट एन्ट हार्ड टु टेल' हे गाणे शंभरांच्या यादीत 91व्या जागेपर्यंत जाऊन थबकले. आल्बम बाराव्या क्रमांकावर उतरला आणि हळूहळू खाली गेला. पाच लाखांची मजल गाठायला 1996 उजाडले, दहा लाखांसाठी 2001. मात्र 'द सोर्स' या रॅपला वाहिलेल्या मासिकाने आरंभीच त्याला पाचांपैकी पाच माइक दिले होते, आणि पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या 2020 सालच्या यादीत तो घेतला.

असे या आल्बममध्ये आहे तरी काय? आरंभी आगगाडीचा खडखडाट ऐकू येतो, मग 'वाइल्ड स्टाइल' या 1983 सालच्या चित्रपटातले आवाज, आणि त्यात मिसळलेला खुद्द नाझचाच काही वर्षांपूर्वीचा आवाज. म्हणजे आपण एका वस्तीत शिरलो, हे शब्दांवाचून कळते. मग 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'. पियानोच्या मंद्र स्वरांचा एकच तुकडा दाराशी घुटमळणाऱ्या माणसासारखा फिरत राहतो, आणि हा मुलगा सुरुवात कशी करावी हेच कळत नाही असे पुटपुटत एकदम जो बोलू लागतो तो थांबत नाही. पुढच्या गाण्यात आयुष्य कवडीमोलाचे आहे असे दोन मित्र सांगतात. आणि त्याच्या अखेरीस कॉर्नेट वाजते ती नाझच्या बापाची, ओलू डारा या जॅझ वादकाची. मुलाचे कडवट बोलणे संपल्यावर बाप काही न बोलता फक्त फुंकतो! कादंबरीत हा प्रसंग लिहायला मला तीस पाने लागली असती, आणि तरी तो साधला असता याची खात्री नाही. त्याला लागूनच 'द वर्ल्ड इज युवर्स' येते, अहमद जमालच्या पियानोचा मऊ तुकडा घेऊन. आधीची निराशा कानात नसती तर त्या गाण्यातला आशावाद पोरकट वाटला असता.

मर्ढेकरांनी सौंदर्याची मीमांसा करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. शाळेतल्या मुलांना ती समजावताना माझी नेहमी तारांबळ होते. उदाहरण म्हणून आता मी हा आल्बम पुढे करीन. ताल बांधणारे पाच निरनिराळे लोक, प्रत्येकाचा कसब वेगळा. पण वस्ती एक, आवाज एक, वय एक. 'वन लव्ह' हे तर तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांचे गाणे. अखेरच्या भागात पत्र संपते आणि बारा वर्षांचा एक पोरगा समोर येतो, हसणे आत्ताच थंड झालेला. पत्रे ज्यांना लिहिली तेही कधीकाळी असेच असणार, हे नाझ सांगत नाही. ऐकणाऱ्याला ते आपोआप दिसते. सगळीच गाणी या तोलाची नाहीत. आठवे, 'वन टाइम फॉर युवर माइंड', मला भरतीचे वाटले. पण घरात एखादी खोली अडगळीची असावी, तसे तेही त्या घराचेच आहे.

इथवर मी जिंकलो अशा समजुतीत होतो. मग त्याच 1994 सालचा दुसरा आल्बम ऐकला, द नोटोरियस बी. आय. जी. याचा 'रेडी टु डाय', आणि माझी पंचाईत झाली. यात गाजलेली गाणी आहेत, अगदी रेडिओसाठी घोटून घेतलेली. 'बिग पॉपा' सहाव्या क्रमांकावर गेले. 'ज्युसी' आजही लोक तोंडपाठ म्हणतात. आणि तरी आल्बम अभिजात आहे, याबद्दल मला शंका नाही. का? आल्बम सुरू होतो जन्माच्या आवाजांनी आणि संपतो आत्महत्येच्या विचारांनी. 'ज्युसी' सुटे ऐकले तर गरिबीतून वर आलेल्या माणसाचा तो आनंदोत्सव आहे. त्याच्या जागेवर, दहाव्या क्रमांकावर ऐकले, आणि पुढचा शेवट ठाऊक असला, म्हणजे त्याच उत्सवाने पोटात गोळा येतो. गाणे तेच, शब्द तेच, अर्थ पालटला. उलट त्याच आल्बमवरच्या 'वन मोअर चान्स'चे जे नवे रूप 1995 साली दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, ते मूळ आल्बमवर नाहीच. सर्वांत गाजलेली गोष्ट घराबाहेर राहिली, आणि घराचे काही अडले नाही.

तेव्हा माझी कसोटी अशी ठरली. गाणे आल्बममधून उपसून काढावे आणि पाहावे, त्याने काही गमावले काय? 'यू कान्ट टच धिस' तिळमात्रही गमावत नाही. 'ज्युसी' आपली सावली गमावते. लॉरिन हिलच्या 1998 सालच्या आल्बममधले 'डू वॉप' थेट पहिल्या क्रमांकावर उतरले होते, पण त्या आल्बमभर जो शाळेचा वर्ग भरतो, त्याबाहेर ते निव्वळ नाचाचे गाणे होते. गाजले की नाही, हा बाजाराचा हिशेब. तो अभिजाततेच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. खुद्द नाझचा दुसरा आल्बम 1996 साली लॉरिन हिलबरोबरच्या गाजलेल्या गाण्यासह पहिल्या क्रमांकावर उतरला, तेव्हा जुन्या चाहत्यांनी त्याला विकला गेला म्हणून हिणवले. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. तो आल्बम कमी पडतो खरा, पण त्यात वस्तीऐवजी चित्रपटातले गुंड बोलतात, म्हणून. गाणे गाजले, म्हणून नव्हे.

हे सारे मी विद्यार्थ्याला फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, पण नाझचे नाव तुम्हांला कुठून कळले?" मी गप्प. 2019 साली झोया अख्तर यांचा 'गली बॉय' आला, त्यातली गाणी आमच्या शाळेच्या मैदानापर्यंत येऊन पोचली, आणि नाझ त्या चित्रपटाचा कार्यकारी निर्माता होता, म्हणून कळले. म्हणजे दार उघडले ते गाजलेल्या गाण्यांनीच. हे मला मान्य करावे लागले, आणि इथेही करतो.

पण कसोटी एकदा हाती आली की ती घरातही चालवावीशी वाटते. माझ्या एका कादंबरीतले विहिरीचे प्रकरण सुटे करून एका संग्रहात घेतले गेले. गेली नऊ वर्षे कुठेही गेलो तरी लोक त्याचीच स्तुती करतात. कादंबरी कुणी वाचलेली नसते. याचा मला राग होता, वाचकांवर आणि त्या संग्रहाच्या संपादकावर. परवा रात्री ते प्रकरण काढून पुन्हा वाचले, मागचे-पुढचे काही न वाचता. त्याने काहीही गमावले नव्हते. मग कादंबरी काढून ते प्रकरण वगळून वाचली. तिनेही काही गमावले नव्हते. पहाटे तीन वाजेपर्यंत जागा होतो.

विद्यार्थ्याला हे अजून सांगितलेले नाही. त्याने आता 'कोहिनूर' पाठवला आहे, अंधेरीच्या डिव्हाइनचा 2019 सालचा आल्बम, नाझच्याच कंपनीच्या भारतीय शाखेने काढलेला. कोणते गाणे गाजले ते मुद्दाम सांगू नकोस, असे त्याला बजावले आहे. मी तिसऱ्या गाण्यापर्यंत आलो आहे.