मान्सूनचे पूर्वानुमान आणि सरासरीची कसोटी

गतकालीन नोंदींवरून भविष्यकालीन मूल्य काढण्याच्या पद्धतींची भारतात सर्वांत कठोर परीक्षा मोसमी पावसाने घेतली आहे. हेन्री ब्लॅन्फर्ड याने 1886 मध्ये हिमालयातील बर्फावरून पहिले अधिकृत अनुमान दिले. गिल्बर्ट वॉकर याने दूरदूरच्या प्रदेशांतील वायुभार व भारतातील पर्जन्य यांचे सहसंबंध काढून त्यास गणिती रूप दिले. पुष्कळ सहसंबंध तपासले असता त्यांतील काही निव्वळ योगायोगाने मोठे निघतात, हा इशाराही वॉकरनेच 1914 मध्ये दिला होता. उत्तरकालीनांनी सूत्र घेतले; इशारा मात्र मागे राहिला.

वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे 1988 चे सोळा घटकांचे सूत्र याच परंपरेतील होय. 1989 ते 2001 अशी सलग 13 वर्षे देशाचा पाऊस 'सामान्य' राहिला आणि सूत्राचा लौकिक वाढला. येथे विचारदोष आहे. देशव्यापी पर्जन्याचे प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे 10 टक्के, आणि 'सामान्य' या शब्दाची व्याप्तीही तेवढीच! "यंदा सरासरीइतका पाऊस पडेल" एवढेच दरवर्षी म्हणणाराही त्या काळात एकदाही चुकला नसता. पद्धतीचे सामर्थ्य सिद्ध व्हावयाचे ते अपवादात्मक वर्षी. 2002 मध्ये अनुमान 101 टक्क्यांचे होते. पडला 81 टक्के. काही दशकांच्या तुटपुंज्या नोंदींना सोळा घटक जोडले म्हणजे सूत्र भूतकाळाशी उत्तम जुळते, हे खरे. ते जुळणे म्हणजे भविष्याचे ज्ञान नव्हे. 2003 मध्ये सूत्रे बदलली, तरी 2004 ची तूट हुकलीच.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. अशा गावी ऑगस्टात पावसाने दीर्घ ओढ दिली व सप्टेंबरात तो भरभरून पडला, तर चार महिन्यांची बेरीज शंभर टक्के भरते. बाजरी मात्र ऐन दाणे भरण्याच्या वेळी करपलेली असते. रब्बी ज्वारीस तोच पाऊस उपकारक ठरतो. 2021 पासून हवामान खाते अनेक प्रतिमानांच्या समूहावरून महिनावार व संभाव्यतेच्या भाषेत अनुमान देऊ लागले, ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु आठवड्याच्या खंडाचे उत्तर महिन्याच्या बेरजेतही सापडत नाही.